छपराचा हप्ता

सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की हेल्मी आधी नव्या घराच्या तळघराकडे बघायची. चार भिंती जमिनीत उतरलेल्या आणि वर उघडं आभाळ. जमीन गोठायचे दिवस तोंडावर आले होते. वर छप्पर चढलं नाही, तर माती गोठून फुगणार आणि त्या कोवळ्या भिंतींना तडे जाणार.

ती आणि तिचा नवरा आर्विद सौनात, म्हणजे वाफेनं न्हायच्या लाकडी खोलीत, राहत होते. मिशिगनच्या या उत्तर टोकाला फिनलंडहून आलेल्यांची जुनी रीत अशी, की आधी सौना बांधायचा, त्यातच संसार मांडायचा, मग घर. जुनं घर विकून झालं होतं. आता न्हाणं तिथे, निजणं तिथे. भांडायला मात्र जागा नव्हती. तापल्या सौनात चर्चमध्ये वागावं तसं वागायचं. आवाज चढवायचा नाही, पैशाचा विषय काढायचा नाही.

आर्विद नेमका तिथेच अडकला. बांधकाम कंपनीचा मालक ब्रेंट कोस्केला चर्चमधल्या ओळखीतला. तो हप्त्यांचं बोलायला आला, की आर्विद पाहुण्याचा मान म्हणून भट्टी पेटवायचा. तापल्या दगडांवर पाणी पडायचं, वाफ चढायची, रीतीप्रमाणे बर्च झाडाच्या डहाळ्यांनी पाठ झोडून दोघे लालबुंद होऊन बाहेर यायचे.

"काय ठरलं?" हेल्मी विचारायची.

"वाफेत कसं विचारणार गं?"

करारात छपराचा हप्ता तारखेला बांधलेला होता, कामाला नाही. ती तारीख उद्यावर आली होती. हा हप्ता म्हणजे जुन्या घराच्या विक्रीतून उरलेली शेवटची मोठी रक्कम. तो गेला आणि छप्पर आलं नाही, तर हाती काही उरणार नव्हतं.

आज ब्रेंट आला तेव्हा भट्टी गार होती.

"काय काकू, भट्टी रुसली का?"

"भट्टी नाही, मी रुसलेय. बस. कोट राहू दे अंगात."

आर्विदने मान खाली घातली. पाहुण्यापुढे विझलेली भट्टी म्हणजे दारातूनच परत पाठवण्यासारखं.

"भट्टी गार, म्हणजे ही नुसती खोली," हेल्मी म्हणाली. "इथे पैशाचं बोलता येतं. छपराचे पैसे छप्पर चढल्यावर मिळतील."

"मग लाकूड कशानं आणू? वखारवाला मला उधार देत नाही."

"लाकूड आमच्या आवारात उतरव. त्याचे पैसे मी वखारीत भरते. तुझी मजुरी शेवटचा पत्रा ठोकल्यावर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

दुसऱ्याने घातलेल्या पायाला इथे कुठलीच कंपनी हात लावत नाही, हिवाळ्याच्या तोंडावर तर नाहीच. हे हेल्मीला ठाऊक होतं आणि त्यालाही.

"तर तू जाशील. आम्ही इथेच राहू. पण पैसेही आमच्यापाशीच राहतील."

ब्रेंटने बोटं चोळली. "आर्विदकाका, यांना आधी का नाही बसवलंत माझ्यापुढे?"

"मी बर्चच्या डहाळीनं पाठ झोडायचो रे," आर्विद पुटपुटला. "ही डहाळीविनाच झोडते."

ब्रेंट हसला. करारातली तारीख खोडून त्याने नवी ओळ लिहिली, खाली सही केली. उठताना मात्र दारात थांबला.

"एक ऐका काकू. परवापासून माझी माणसं हरणांच्या शिकारीला चाललीत. उद्या पैसे आले असते, तर जास्तीची मजुरी देऊन दोघांना थांबवलं असतं. आता शिकार आटपली की येतो. मध्ये बर्फ पडलं, तर माझ्या हातात काही नाही."

"धमकी देतोस?"

"नाही हो. नोव्हेंबर आहे, एवढंच सांगतोय."

त्याची गाडी वळणाआड गेली. शेजारच्या गोठ्यातून पेंढ्याचे भारे आणून दोघे शिडीने तळघरात उतरले. खालची माती गोठू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने, तान्ह्याच्या अंगाखाली दुपटं सारावं तसा पेंढा अंथरू लागले. वर आभाळ पांढुरकं होत चाललं होतं.

"बर्फ आधी आलं तर?" आर्विदने विचारलं.

"त्या कोपऱ्यात पातळ पडलाय," हेल्मी म्हणाली. "तिथे अजून घाल."