दोन खोकल्यांमधला माईक

मी एक जुना माईक आहे. हसू नका, मित्रांनो! चर्चमध्ये फादर जिथे उभे राहून प्रवचन करतात, तिथे मला स्क्रूने असं आवळलंय की मान वळवायचीही सोय नाही.

घडलो तेव्हा वाटलं होतं, गाण्याच्या मैफली गाजवीन. नशिबी आली प्रवचनं. पण सुरुवातीला कौतुक झालं. "काय खणखणीत आवाज!" म्हणत लोक मला रुमालाने पुसायचे.

मग आमची पंचाईत झाली. फादर म्हणत, "पोटातल्या बाळाचा जीव पवित्र आहे," आणि त्याच दमात म्हणत, "कामगाराच्या पोटावर पाय देणं हे पाप आहे." पहिल्या वाक्याला पुढच्या बाकावरचे कारखानदार मान डोलवायचे, दुसऱ्याला मोठ्याने खोकायचे. पलीकडच्या बाकावर त्यांची सख्खी बहीण, कामगार संघटनेची ताई. तिचं नेमकं उलट! आवाजाचं बटण सांभाळणारे काका इतके भित्रे, की कुणीही खोकलं की माझा आवाज खाली. फादरांना ऐकू कमी येई, त्यांना पत्ताच नव्हता. प्रत्येकाला अर्धीच शिकवण हवी होती. माझा जीव घुसमटायचा.

आमच्याकडे एकजण मागणं वाचतो आणि बाकीचे ठरलेलं उत्तर देतात. एका रविवारी ही प्रार्थना वाचायला कारखान्यात शिलाई करणारी एक मुलगी आली. लग्न झालेलं नव्हतं, पोटात बाळ होतं. कारखानदारांनी तिला "उद्यापासून येऊ नकोस" म्हणून बजावलं होतं. ताई म्हणाली होती, "कामासाठी मी भांडते, पण बाळाचा हट्ट सोड बाई." बिचारी कात्रीत सापडली होती.

तिला पाहताच भाऊ-बहीण एकदम खोकले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं! काकांनी घाबरून बटण पार तळाला नेलं.

ती माझ्याजवळ वाकून म्हणाली, "मला माझं बाळ हवंय आणि माझं कामही. दोन्हींसाठी प्रार्थना करा."

मी जीव तोडून ओरडायला गेलो हो, पण आवाजच फुटेना. तिचे शब्द माझ्यातच अडकले. आणि काहीच ऐकू न येताही सगळं चर्च सवयीने एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

मित्रांनो, मला धुळीपासून जपलंत तर उपकार होतील, वय झालंय माझं. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणाचे ओठ हलताना दिसले आणि शब्द कानी आले नाहीत, तर प्रार्थनेची घाई करू नका. उठा, जवळ जा आणि म्हणा, "ऐकू आलं नाही गं, पुन्हा सांग."

त्या दिवशी एकही जण उठला नाही.