हवालदाराच्या खिशातली चौकटची दुर्री

मी चौकटची दुर्री बोलतेय, पण हळू. जोरात बोलले तर ज्यांच्या खिशात आहे त्यांना ऐकू जाईल, आणि ते आधीच लय घाबरलेत.

बावन्न पानांत माझ्याएवढी हलकी जात दुसरी नाही. आमचा जोड साताऱ्यात लष्करी कॅन्टीनमधून जोतीराम हवालदारांनी घेतला आणि पेन्शनीत निघाल्यावर तासगावकडच्या आपल्या गावी आणला. तीन पानी खेळताना ते म्हणायचे, "पान कसलं बघतोस? समोरच्याचं त्वांड बघ!" हातात काही नसताना मिशी पिळून चाल वाढवायची, की समोरचा पळालाच. पलटणीत शिकलेली विद्या. माझा मात्र दर वेळी जीव जायचा. कुणी 'शो' म्हणून पानं उघडायला लावली तर?

त्र्याहत्तरचा उन्हाळा. पाऊस आदल्या वर्षीच दगा देऊन गेलेला. जोतीराम आणि त्यांचा चुलतभाऊ आकाराम यांची विहीर सामाईक, दोघांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका दुपारी इंजिनाच्या खोपीत दोघं काडेपेटीच्या काड्या लावून खेळत होते. जोतीरामांच्या हातात मी, एक पंजी आणि एक सत्ती. नुसता कचरा!

काड्या संपल्या. हवालदारांचा हात मिशीवर गेला. "माझी सोमवारची पाळी लावली. पाऊस पडंपातूर."

आकारामला चढला जोर. "माझी बी बेस्तरवारची. व्हय, पाऊस पडंपातूर!"

अरे देवा! आता 'शो' म्हणाला असता तर संपलंच होतं. पण त्याच्या आधीच हवालदार म्हणाले, "वर माझा खिलार खोंड. लाव तुझा बी."

आकारामने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पानं उलटी टाकली. एक्क्यांची जोडी होती. "गेलो गड्या. तुझं तर दाव."

"सोडल्यावर दावायचं नसतं," म्हणत त्यांनी घाईघाईने पानं ढिगात मिसळली. मी मात्र घामेजल्या तळव्याला चिकटून राहिले. तशीच खिशात गेले.

तेव्हापासून बेस्तरवारचं पाणी आमच्या रानात येतं. आकारामचा ऊस वाळत चालला. त्याची बायको साळूबाई एकदा बांधावर आली. "आवं भावजी, अर्धा घंटा तरी पाणी सोडा की."

जोतीरामांना द्यायचं होतं हो! मला कळत होतं, त्यांचं काळीज माझ्या पाठीवरच धडधडत होतं. पण पाणी परत दिलं तर आकाराम विचारणार, का दिलंस? मग सगळंच बाहेर येणार.

तेवढ्यात आकारामच आला. "साळू, घरी चल. शब्द दिलाय मी." मग जोतीरामांकडे वळला. "एवढंच सांग. काय व्हतं तुझ्याकडं? रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या."

त्यांचा हात खिशात आला. मला धरलं. आता काढणार, आता काढणार...

"तीन राण्या," ते म्हणाले.

आकाराम कितीतरी दिवसांनी हसला. "आरं तिच्या! मग माझी जोडी हरलीच असती, बरं झालं की. मला वाटलं, खोंडापायी भिऊन पळालो. साळू, ऐकलंस का? खोंड तरी वाचला!" आणि वाळला ऊस जनावरांना घालायला विळा घेऊन गेला.

मी अजून त्याच खिशात आहे. घामाने माझी एक चौकट पुसट झालीय. हवालदार मला जाळत नाहीत, कुणाला दाखवत नाहीत. रात्री मिशा तशाच पिळलेल्या आणि डोळे टक्क उघडे.

तुम्ही कधी त्या गावाला गेलात तर आकारामला एवढं सांगा, की तुला राण्यांनी नाही, या दुर्रीनं...

नको, नको. नका सांगू. आता कुठं त्याला झोप लागतेय.