रिकाम्या यादीची घंटा

मित्रांनो, मी प्रोग्रामचा एक जुना तुकडा आहे, जेमतेम चार ओळींचा. नवजात बाळांच्या वॉर्डातली घंटा ज्या प्रोग्रामवर चालते, त्यात मी राहत होतो. आता राहत नाही. प्रोग्राम लिहिण्याच्या ‘फंक्शनल’ पद्धतीत माझा जन्म, त्यामुळे स्वभाव नाकासमोर चालण्याचा: तोच प्रश्न विचाराल तर तेच उत्तर मिळेल.

बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारी वायर असते. तिच्यातून आकड्यांची यादी येते आणि यादीतला सर्वांत लहान आकडा फार खाली गेला की घंटा वाजते. तो आकडा शोधायचं काम एका लायब्ररीचं, म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेल्या तयार प्रोग्रामचं. वायर निसटली की यादी रिकामी. जुनी लायब्ररी तेव्हा ‘उत्तर नाही’ म्हणायची आणि घंटा वाजायची. मग नवी आवृत्ती आली. रिकाम्या यादीतला सर्वांत लहान आकडा म्हणजे अनंत, असं तिनं ठरवलं. गणितात ते चूक नाही. पण अनंत कधी खाली जात नाही, म्हणजे घंटाही गप्प.

म्हणून घंटेचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या ताईंनी मला लिहिलं. यादी रिकामी असेल तर लायब्ररीला विचारायचंच नाही, जुनंच उत्तर द्यायचं. किती आवृत्त्या आल्या नि गेल्या, घंटा मी सांभाळली. दर वेळी ताई वॉर्डात येऊन वायर स्वतःच्या बोटाला लावायच्या आणि ओढून काढायच्या. घंटा वाजली की सिस्टरांपाशी माझं कौतुक करायच्या. ही परीक्षा त्यांनी कुठे लिहून मात्र ठेवली नाही. त्या निवृत्त झाल्या आणि परीक्षाही त्यांच्याबरोबर घरी गेली.

त्यांच्या जागी आलेले नवे साहेब प्रोग्रामच्या साफसफाईला बसले. मी त्यांना अडगळ वाटलो. मला काढून त्यांनी चाचण्या चालवल्या. झाडून सगळ्या पास झाल्या, कारण एकीतही यादी रिकामी नव्हती.

“ताईंनी काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल,” शेजारचा सहकारी म्हणाला. “फोन करून विचारू या का?”

“चार ओळींसाठी कशाला त्रास द्यायचा त्यांना?” साहेब म्हणाले.

माणूस वाईट नाही हो. भीड पडली, इतकंच.

आता मी जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात पडून आहे. कुणीही मला वाचू शकतं, पण मी चालत नाही. आज सकाळी नवा प्रोग्राम वॉर्डात लागला. मला भीती वाटते, मित्रांनो. खिडकीजवळचं बाळ फार पाय झाडतं, त्याची वायर सैल झाली आहे. एखादी जुनी गोष्ट काढण्याआधी ती कशासाठी ठेवली होती, एवढं विचारत जा. विचारण्यात कमीपणा नसतो.

सिस्टर त्या बाळाकडे पाठ करून दुसऱ्याला दूध पाजताहेत. घंटा वाजली नाही म्हणजे सगळं ठीक, हे त्यांना ताईंनीच शिकवलंय.