डावा गुडघा

"अहो, बसा जरा. हात द्या इकडे."

बायकोनं आपणहून हात मागावा, तोही डोंगराच्या अर्ध्यावर, भर वाऱ्यात, दोघांनी साठी गाठल्यावर, ही काही रोजची गोष्ट नव्हे. मी लगेच हातमोजा काढून हात पुढे केला. तिनं मनगट धरलं. गारा पडत होत्या, रेनकोट फडफडत होता आणि मला लग्नानंतरचे दिवस आठवायला लागले होते. मग पाहिलं, तर बाईसाहेबांची नजर घड्याळावर. ती माझी नाडी मोजत होती.

"तीस वर्षं वॉर्डात काढलीस, आज तरी सुट्टी घे की."

"गप्प बसा. मोजताना चुकतं."

ती नर्स, मी लिफ्ट दुरुस्त करणारा. मी लोकांना वर पाठवतो आणि ती वर निघालेल्यांना थांबवते, हा माझा विनोद घरात इतक्यांदा झालाय की आता मुलगीच तो माझ्याआधी पुरा करते. आज मात्र वर जायचं होतं ते तिला. हा डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो. कपडे वाळत घालताना ती म्हणायची, "एकदा जायचंय हं." कधी तिची ड्यूटी आडवी आली, कधी मुलीची परीक्षा, कधी माझ्या आईचं आजारपण. सोमवारी तिचा डावा गुडघा बदलायचा होता आणि त्यानंतर डोंगर विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे उरला हा एक रविवार. सकाळी आभाळ बघून मी जरा का-कू केलं, तर म्हणाली, "तुम्ही राहा घरी. डबा झाकून ठेवलाय." मी मुकाट्यानं बूट चढवले.

"किती आली नाडी?" मी विचारलं.

"बरी आहे."

नर्सचं 'बरी आहे' म्हणजे काहीही असू शकतं. पण ती उठली, मीही उठलो.

उंची मला मजल्यांत कळते. चाळीस मजले राहिले, तीस राहिले, असं मी तिला सांगत होतो. ती काठी टेकत, डावा पाय जपून उचलत चढत होती. शेवटच्या चढावर वारा इतका होता की आम्ही चक्क रांगलो. माझे कपडे आतून भिजले होते. मघापासून भरलेली हुडहुडी थांबली होती, आणि मला वाटलं, चला, सवय झाली. तेवढ्यात धुकं फाटलं आणि शिखरावरची दगडांची रास दिसली. जेमतेम पाच मजले.

"पाचचं बटण दाब," मी म्हणालो.

मला तो विनोद वाटला होता. ती हसली नाही. "अहो, आज वार कुठला?" तिनं विचारलं. मी विचार करायला लागलो आणि करतच राहिलो. तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं. मग मान वळवून त्या दगडांच्या राशीकडे पाहिलं, बराच वेळ. आणि मटकन खाली बसली.

"माझा गुडघा गेला. मला खाली न्या."

मग काय, मला जोरच चढला. तिला खांदा दिला. वाटेत तिनं आपला कोरडा स्वेटर मला घालायला लावला, कारण तिला म्हणे उकडत होतं. थर्मासमधला चहा तिला एकटीला जात नव्हता, म्हणून तोही मीच प्यायलो. आणि वर तिला उपदेश: "या वयात हट्ट बरा नव्हे. तरी मी सकाळीच म्हणत होतो." ती "हो" म्हणत होती. लग्नानंतर इतके 'हो' मी कधी ऐकले नव्हते.

झाडी लागली, वारा तुटला, अंगात ऊब आली आणि डोकं ताळ्यावर आलं. तेव्हा दिसलं. ती लंगडत होती, पण उजव्या पायानं. ऑपरेशनआधी कुठला पाय ते पेशंटला तीन-तीनदा विचारून घेणारी बाई, आज घाईत पाय चुकली होती. मला भरून आलं. मी खांदा तसाच पुढे ठेवून चालत राहिलो.

पायथ्याच्या चौकीत वही असते. परत आलात, तर नोंद करायची. चौकीदारानं पेन तिच्या हातात दिलं. तिनं वळणदार अक्षरात लिहिलं: 'शिखर – नाही. कारण – पत्नीचा गुडघा.' तीस वर्षांच्या नोकरीत तिनं कुठल्याही पेशंटच्या कागदावर एक खोटी ओळ लिहिली नव्हती.

मी पेन मागून घेतलं. शेवटचे दोन शब्द खोडले आणि लिहिलं: 'पतीला थंडी बाधली. पत्नी पोचली असती.'

तिनं चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"खाडाखोड केलीत ना," ती म्हणाली, "मग शेजारी सही करा. वेळ घाला."

मी सही केली, वेळ घातली. तिनं खाली आपली सही केली, ड्यूटीवर करायची तशी, हुद्द्यासकट.