भाकरीच्या वेळचा हुशार भीमराज

"भीमराजजी, भाकरी थापताना तुमचं डोकं फार छान चालतं!"

बीदरजवळच्या कोळारच्या गोदामात, ऐन जेवणाच्या सुट्टीत, भीमराजच्या खिशातली बाई बोलली. हमाल असे हसले की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट हुमनाबादला जाऊन बसली.

बाई म्हणजे मालकानं सगळ्यांच्या फोनात घातलेली शिकवणी. ज्याचा त्याचा वकूब ओळखून ती ज्याला त्याला निराळं शिकवायची. तयार होईल तो मुकादम. अर्धं आयुष्य पोती वाहिलेल्या भीमराजला ती खुर्ची हवी होती. त्याच्यापेक्षा त्याच्या पाठीला जास्त हवी होती.

पण मैलूरच्या घरात फोन एकच. दिवसा तो भीमराजच्या खिशात, संध्याकाळी शेगडीजवळ पिठाच्या डब्याला टेकलेला. बाईनं प्रश्न विचारला की भीमराज घोरायचा आणि त्याची बायको सुमनबाई पिठाच्या बोटानं उत्तर दाबायची. थापांचा आवाज बाई ऐकायची आणि खूश व्हायची. एका फोनामागं दोन माणसं असतात, हे तिला कोण सांगणार?

बाईनं दिलेले गुण बघून गोदामाच्या प्रणेशसाहेबांनी भीमराजला बोलावलं. "काका, सकाळी तुम्ही ढ, संध्याकाळी पंडित. बरं, सांगा, साखरेच्या थप्पीवर छत गळायलंय. आधी काय कराल?"

खुर्ची समोरच होती. गादीची.

"साहेब, सांजच्याला इचारा की."

"कामून?"

"तवा घरी भाकऱ्या थापायलेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. भीमराजनं खुर्चीवरची नजर काढली. "ती हुशारी माजी न्हाई, साहेब. आमच्या सुमनची हाय."

"मग त्यांनाच पाठवा उद्या."

घरी सुमनबाईनं कपाळावर हात मारला, तो पिठासकट. "मी मुकादम? अन् भाकरी कोन करनार, तुमची ती बाई?"

महिनाभरात सुमनबाई त्या खुर्चीत बसली. तिला तिच्या नावाचा फोन मिळाला. हमाल तिला अक्का म्हणू लागले. भीमराजही गोदामात अक्काच म्हणायचा. घरी मात्र तोंडून अक्का निघालं की जीभ चावायचा.

एका संध्याकाळी माल उशिरा आला, अक्का गोदामातच अडकली. मैलूरला भीमराज परातीपुढं बसला. पहिली भाकरी बीदर जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. दुसरीचा औरादकडचा भाग तुटला.

डब्याला टेकलेली बाई काळजीनं बोलली, "भीमराजजी, आज थापा फार सावकाश पडतायत. बरं नाही का?"

"बरं हाय, बाई," तो तुटलेली कड जोडत म्हणाला. "शिकायलोय."