पांढरा धूर

लेम्पी कार्व्होनेनचं तोंड बंद करणं त्या गावात कुणाला जमलं नव्हतं. पाद्र्याचं प्रवचन लांबलं की ती पहिल्या बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवून बघायची, त्याला दिसेल अशी. बाराव्या वर्षी तिची शाळा सुटली आणि ती लाकूडतोड्यांच्या छावणीत बटाटे सोलायला लागली. दांडग्या पुरुषांना ओरडून जेवायला बसवायचं आणि ओरडूनच उठवायचं, ही सवय तिथली. नवऱ्याने, रेइनोने, त्यावर एकच उपाय शोधला होता. तो हसायचा.

नात अकरावीत गेली तेव्हा लेम्पीने ठरवूनच टाकलं की पोरगी पुलापलीकडे शिकायला जाणार. सामुद्रधुनीवरचा तो लांब पूल ओलांडला की मोठी शहरं लागतात, आणि तिकडच्या लोकांना इथली माणसं पुलाखालची भुतं म्हणतात. लेम्पीची स्वतःची मुलगीही एका माणसामागून तो पूल ओलांडून गेली होती, चार वर्षांच्या आयलीला इथेच टाकून. तिकडे तिने दुसरा संसार मांडला. नाताळला एक कार्ड येई, तेवढंच. लेम्पी म्हणायची, आई गेली ती माणसामागे, पोरगी जाईल ती पुस्तकामागे, आणि मान वर करून जाईल.

मार्चमध्ये शेजारणीची, व्हेर्नाची, गाडी मागून लेम्पी नातीला घेऊन ते विद्यापीठ बघून आली. तिथला एक पोरगा पाहुण्यांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत सगळं दाखवत होता. लेम्पीने त्याला भर घोळक्यात सांगितलं, "सरळ चाल रे बाळा, पडशील. आम्हाला तुझी पाठ दिसली तरी चालेल." आयलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण घरी आल्यावर तिनेच ते उक्कीला, म्हणजे आजोबाला, नक्कल करून दाखवलं. रेइनो इतका हसला की खोकल्याची उबळ थांबेना, आणि मग तिघांपैकी कुणीच हसलं नाही.

तांब्याच्या खाणीतली धूळ त्याच्या फुप्फुसांत घर करून बसली होती. वसंत लागला तशी त्याची खाट स्वयंपाकघरात खिडकीशी आणली. खिडकीतून अंगणापलीकडची सौना दिसे. ती लाकडी न्हाणी त्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती. दगड तापवायचे, त्यांवर पाणी ओतायचं आणि त्या वाफेत आठवड्याचा शीण काढायचा. शनिवारी सौना नाही असा आठवडा त्या घराने पाहिला नव्हता, आणि ती पेटवायचं काम रेइनोचं. अंगातलं बळ गेलं तेव्हा त्याने ते आयलीला शिकवलं. आधी बर्चची साल, मग मेपलचं वाळलेलं लाकूड, आणि दार बोटभर उघडं. साल पेटली की धुरांड्यातून काळाकुट्ट धूर निघे, पुढे नुसती हवा थरथरताना दिसे. पोरीला ते इतकं साधलं होतं की रेइनो खाटेवरून चिमणीकडे बघून मान डोलवायचा. लेम्पीला त्यातलं काही येत नव्हतं. तिच्या मते आग ती आग.

प्रवेश परीक्षा एप्रिलमधल्या एका शनिवारी होती. गुरुवारपासून रेइनोने ताटाला हात लावला नव्हता, आणि घरी येणाऱ्या नर्सने लेम्पीला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं की आता वाट बघायची. शनिवारी सकाळी आयली कोट घालून दारात उभी होती, पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मी नाही जात म्हणाली.

"तू इथे बसून त्याला नवी फुप्फुसं फुटणार आहेत का?" लेम्पी म्हणाली. "जा. पेन्सिली घेतल्यास?"

आयली खाटेपाशी गेली. आजीला ती मुम्मू म्हणे. "उक्की, मी दुपारी येऊन सौना पेटवते. मी आणि मुम्मू तुला उचलून आत नेऊ."

"मग मी आंघोळ केल्याशिवाय कुठे जात नाही," रेइनो म्हणाला. त्याने तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं, लहानपणी लावायचा तसं.

ती गेली. व्हेर्ना कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली तोवर रेइनोच्या श्वासाची लय बदलली होती. मोठा श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा मोठा. दोघींनी माणसं मरताना पाहिली होती. व्हेर्नाने कॉफी खाली ठेवली आणि गाडीची किल्ली हातात घेतली. शाळा काही लांब नाही, पोरीला घेऊन येते, म्हणाली.

लेम्पी नको म्हणाली.

तिच्या डोक्यात परीक्षा म्हणजे बंदरातून सुटणारं जहाज. एकदा सुटलं की सुटलं. तिचं स्वतःचं सुटलं होतं. पोरीला वर्गातून उठवलं तर तीही आपल्यासारखी जन्मभर या गावात दुसऱ्यांच्या चादरी धुवेल, आणि ते पाप आपल्या माथी. तिने कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला लागलं तर आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करावं लागतं, आणि लेम्पी कार्व्होनेन ते करत नसे.

"लेम्पी, माणूससुद्धा सुटला की सुटतो," व्हेर्ना म्हणाली.

"नवरा माझा आहे. ठरवेन मी."

व्हेर्ना किल्ली टेबलावर टाकून ओसरीवर जाऊन बसली. पाठमोरी.

थोड्या वेळाने रेइनोने डोळे उघडले. पोरगी आली का, असं त्याने विचारलं. लेम्पी त्याच्या उशाशी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द निघायला वेळ लागला.

"आली," ती म्हणाली. "सौना पेटवायला गेली आहे."

सांगून बसली, मग ते खरं करून दाखवणं आलं. ती घरातल्याच चपलांनी चिखलबर्फातून धावत अंगणापलीकडे गेली. मागच्या बाजूला आयलीने रचलेलं लाकूड होतं, सालींची टोपलीही तिथेच, पण तिकडे कोण जातो. दाराशी पडलेले पॉप्लरचे ओले तुकडे तिने भट्टीत कोंबले, जुनं वर्तमानपत्र चुरगाळून खाली घातलं, दोनदा विझलं, तिसऱ्यांदा धरलं. परत येऊन तिने रेइनोला उशीचा टेका देऊन वर बसवलं. धुरांड्यातून ढगासारखा धूर निघत होता. रेइनो बराच वेळ बघत राहिला.

"धूर पांढरा आहे," तो म्हणाला.

"तुला काय करायचंय धुराशी? गप्प पड."

त्याच्या ओठांची एक बाजू हलली. त्याने तिचा काजळीने माखलेला हात चाचपून धरला, त्यावर दोनदा थोपटलं, आणि तो खरंच गप्प पडला. दुपारच्या जेवणाआधी सगळं संपलं.

दुपारी मैत्रिणीच्या गाडीतून आयली रस्त्यावर उतरली. चिमणीतून शेवटचा बारीक धूर येत होता. तो पाहून ती धावतच सुटली, आणि अंगणातूनच ओरडली की उक्कीला बरं वाटतंय ना, पेपर चांगला गेला, आणि माझ्याआधी कुणी पेटवली सौना. मग तिला ओसरीवर व्हेर्नाचा चेहरा दिसला.

लेम्पीने तिला काही झाकून ठेवलं नाही. उलट पोरीला बरं वाटेल म्हणून सगळं सांगितलं. त्याला त्रास झाला नाही. त्याला वाटलं तू आली आहेस. मी म्हटलं, तू सौना पेटवते आहेस. त्याने धूर पाहिला आणि शांत गेला.

आयली खाटेच्या कडेवर बसली होती, कोट अंगात तसाच.

"म्हणजे त्याला वाटलं मी अंगणात आहे," ती हळू म्हणाली. "इथे, एवढ्याशा अंतरावर. आणि मी आत आलेच नाही."

 लेम्पीने हा विचारच केला नव्हता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी झाली. शाळेतल्या सल्लागार बाई लेम्पीजवळ येऊन कनवाळूपणे म्हणाल्या, अहो, एक फोन केला असतात तर आम्हीच आयलीला सोडायला आलो असतो. हीच परीक्षा जूनमध्ये पुन्हा देता येते, कितीतरी मुलं देतात. लेम्पीने कप बशीत ठेवला. तो वाजला, म्हणून तिने तो हातातच धरून ठेवला, कॉफी पार निवेपर्यंत.

पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात लेम्पीला कुणी हरवलं नव्हतं. आयली सभ्यपणे वागू लागली. मीठ पुढे केलं की थँक यू, मुम्मू. कपडे घडी करून दिले की थँक यू, मुम्मू. त्या घरात आजवर कुणी कुणाचे आभार मानले नव्हते. शनिवारी ती नळाखाली टबात आंघोळ करी आणि सौनेकडे बघतही नसे. परीक्षेचा निकाल आला, फार चांगला आला, आणि तिने तो पावाच्या डब्यावर ठेवून दिला, कुणी छत्री ठेवावी तसा. तिला पुलापलीकडे बोलावणाऱ्या कॉलेजांची रंगीत पत्रकं येऊ लागली. तीही तिथेच साचली. एकदा लेम्पीने विचारलं, यांचं काय करायचं. आयली म्हणाली, तू ठरव, तूच ठरवतेस.

मे महिन्यात प्रॉम, म्हणजे शाळेचा वार्षिक नाच, आला. पोशाखाची किनार लेम्पीनेच दुमडली. टाचण्या तोंडात धरून ती गुडघ्यांवर बसली होती, आणि आयली स्टुलावर उभी होती, निळ्या कापडात, खिडकीतून कुठेतरी लांब बघत. या गावात प्रॉमच्या नाचाआधी ग्रँड मार्च असतो. शाळेच्या व्यायामशाळेत सारं गाव पायऱ्यांवर दाटीवाटीने बसतं, पोरं-पोरी जोडीने मधून चालत जातात, आणि मुख्याध्यापक त्यांची नावं पुकारतात. शेवटी बँड एक वॉल्ट्झ वाजवतो. तेव्हा प्रत्येक मूल पायऱ्यांवरून आपल्या घरचं एक मोठं माणूस हाताला धरून खाली आणतं. आयली कुणाला आणणार, हे ती लहान असतानाच ठरलं होतं. स्वयंपाकघरात उक्कीच्या बुटांवर पाय ठेवून ती तो नाच शिकली होती.

त्या शनिवारी दुपारी पोरगी मैत्रिणीकडे केस करायला गेली. घर इतकं रिकामं झालं की लेम्पी सौना पेटवायला निघाली, कुणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. दाराशी पॉप्लर उरलं नव्हतं. म्हणून ती मागे गेली, आयलीने रचलेलं मेपल आणलं, टोपलीतली साल आणली, आणि पोरगी करते तसं करून पाहिलं. एका काडीत धरलं. हात झटकत ती घरात आली आणि सवयीने रिकाम्या खाटेजवळच्या खिडकीशी उभी राहिली.

चिमणीतून काळाकुट्ट धूर वर चढत होता.

ती तशीच उभी राहिली. धूर विरला, चिमणीवरची हवा थरथरू लागली, तरी ती हलली नाही. मग खाटेवर बसली, त्याच्या जागी, आणि तिथून पुन्हा एकदा बघितलं.

संध्याकाळी ती चर्चचा कोट घालून व्यायामशाळेत गेली आणि व्हेर्नाशेजारी बसली. व्हेर्ना म्हणाली, कोट तरी काढ, जत्रेत पाद्री आल्यासारखं वाटतंय. लेम्पी काही बोलली नाही, तेव्हा व्हेर्नाने तिच्याकडे नीट पाहिलं. नावं पुकारली गेली. आयली कार्व्होनेन, असं ऐकल्यावर टाळ्या जरा जास्तच पडल्या. वॉल्ट्झ सुरू झाला, मुलं पायऱ्या चढू लागली, आणि सगळं गाव दुसरीकडे बघतंय असं दाखवत निळ्या पोशाखाकडे बघत होतं.

ती वर आली आणि तिने हात पुढे केला. तो गावासाठी होता, हे लेम्पीला कळत होतं. तिने तो धरला.

नाचता नाचता पोरगी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. लेम्पी पावलं चुकत होती. रेइनोबरोबर ती कधी चुकली नव्हती.

"त्या दिवशी सौना पाहून तो काय म्हणाला, ते मी तुला सांगितलं नाही," लेम्पी म्हणाली. "मला तेव्हा समजलंच नव्हतं."

आयली अजून पलीकडेच बघत होती.

"म्हणाला, धूर पांढरा आहे."

आयलीचे पाय थांबले. बाजूच्या जोडीचा धक्का लागला, कुणीतरी सॉरी म्हणालं. पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उलगडत गेलं.

"साल नव्हती घातलीस?"

"कसली साल. ओलं पॉप्लर आणि वर्तमानपत्र."

"मग त्याला कळलं होतं," आयली म्हणाली. "मी नव्हते, हे त्याला माहीत होतं. तो माझी वाट बघत नव्हता."

"नाही. त्याला माहीत होतं तू कुठे आहेस."

पोरगी रडायला लागली, अंगातलं सगळं सैल सुटल्यासारखी. लेम्पीने तिला फिरवून घेतलं, म्हणजे पायऱ्यांवरच्या लोकांना फक्त आपल्या कोटाची पाठ दिसेल. बँड वाजतच होता. थोड्या वेळाने आयलीने विचारलं, मग तू काय म्हणालीस त्याला?

"गप्प पड म्हणाले."

आयलीने मान वर केली. तिने आजीकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्या बघण्यात सभ्यपणा नव्हता.  तिने लेम्पीचा हात फक्त जरा वर, नीट धरला, उक्की धरायचा तसा, आणि उरलेला नाच तिनेच नेला.

मुलं नाचायला राहिली, मोठी माणसं घरी गेली. व्हेर्नाने लेम्पीला अंगणाशी सोडलं. उजेड अजून पुरता गेला नव्हता. सौनेचे दगड गरम होते. लेम्पी कपडे काढून आत गेली आणि आपल्या नेहमीच्या खालच्या बाकावर बसली. वरचा बाक रेइनोचा. तिने डोणीतून पाणी घेऊन दगडांवर ओतलं, त्याला आवडायचं तितकं. वाफ सरसरत वर गेली आणि त्या रिकाम्या जागेत भरून राहिली.

"पोरगी शाळेत आहे, रेइनो," ती म्हणाली. "परीक्षा देते आहे. मी तिला बोलावलं नाही."