सामानापाशी

कुंदाबाई कुठल्याही पाण्याजवळ गेल्या की आधी बसायला जागा शोधत. गणपतीपुळ्याचा समुद्र असो, गोदावरीचा घाट असो, नाहीतर मुलाच्या हट्टापायी पाहिलेला वॉटर पार्क असो. बाकीची मंडळी पाण्यात आणि ह्या काठावर, सगळ्यांच्या चपला, घड्याळं आणि पाकिटं मांडीशी घेऊन. मयुरेशच्या लहानपणीच्या एकाही फोटोत त्याची आई भिजलेली नव्हती. त्यामुळे दोन विमानं आणि एक डुगडुगती बोट बदलून गाठलेल्या अटलांटिकमधल्या त्या एवढ्याशा बेटावरही त्यांनी काळ्या खडकावर बैठक मारली आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. मी बसते सामानापाशी," तेव्हा मयुरेशला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो टॉवेल टाकून पाण्यात उतरलासुद्धा. त्याची बायको ऊर्मिला मात्र जागीच उभी राहिली.

कारण हा सगळा घाट तिने सासूबाईंसाठी घातला होता, आणि हे सासूबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात, जर्मनीत वोल्फ्सबुर्गला, दारासमोरचा बर्फ काढायची पाळी त्यांच्या घराची होती. ऊर्मिला ऑफिसच्या घाईत फावडं घेऊन गेली, घसरली, आणि दोन्ही हात टेकल्यामुळे दोन्ही मनगटं मोडून बसली. कुणाची मदत मागणं म्हणजे कमीपणा मानणारी ही बाई, तिला आता स्वतःची वेणीसुद्धा घालता येईना. क्रांकेनकासेने, म्हणजे आरोग्य विमावाल्यांनी, पाठवलेली मदतनीस भली होती, पण अंघोळ घड्याळ लावून घाली. मयुरेश पहाटेच कामावर निघे. ऊर्मिलेची आई केव्हाच गेली होती. सासूशी भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. फोनवर तब्येत आणि हवामान यापलीकडे गाडी जात नसे.

त्या कुंदाबाई व्हिसा मिळताच आल्या, थंडीने कुडकुडत, आणि दुसऱ्याच सकाळी पदर खोचून बाथरूममध्ये उभ्या राहिल्या. सासूसमोर उघडं व्हायच्या कल्पनेने ऊर्मिला अर्धी झाली. कुंदाबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाठ कर इकडे," एवढंच म्हणाल्या आणि कोमट पाण्याचा तांब्या हळूच खांद्यावर ओतला. त्या दिवशी ऊर्मिला रडली, आणि पाणी चालू असल्यामुळे ते खपून गेलं.

मग रोज सकाळी ते "पाठ कर इकडे" ऐकू येऊ लागलं. पाठ चोळता चोळता कुंदाबाई बोलत. संगमेश्वरजवळच्या माहेरी गरम पाण्याचं कुंड होतं, तिथे मैत्रिणींबरोबर बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत डुंबायच्या म्हणे. लग्नानंतर? मग कोण नेतंय, असं म्हणून त्या विषय संपवत.

मनगटं बरी झाली, आणि ऊर्मिलेला नवीनच घोर लागला. ह्या माणसाचं देणं मानायचं कसं? जर्मनीत बसमधून उतरतानाही लोक डांके म्हणतात. पण सासूला 'मी तुमची आभारी आहे' म्हणणं म्हणजे स्नेहसंमेलनातलं आभारप्रदर्शनच. म्हणून तिने आधी त्यांना जवळच्या थेर्मेत, म्हणजे गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात, नेलं. तिथे सॉनाकडे दिगंबर अवस्थेत निघालेले दोन आजोबा पाहून कुंदाबाई दारातूनच माघारी फिरल्या. मग तिने हे बेट शोधलं, जिथे समुद्राच्या एका घळीत खडकातून कढत पाणी येतं, आणि ओहोटीला लाटांशी मिसळून न्हाण्याजोगं होतं. तुमच्यासाठी म्हटलं तर सासूबाई यायच्या नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या नावावर थाप मारली की मनगटांना असल्या पाण्याचा शेक हवा. आल्यापासून समुद्र खवळलेला होता. आज शांत झाला, आणि उद्या परत निघायचं होतं. पुढच्या आठवड्यात कुंदाबाईंचं भारताचं विमान होतं.

"अहो आई, मूठभर वस्तीचं बेट हे," ऊर्मिला म्हणाली. "चोर पळून जाईल कुठे?"

"पासपोर्ट आहेत त्यात. तू जा, मनगटं शेकून घे. त्यासाठीच आलोय ना?"

आपल्याच थापेने आपली अशी कोंडी केलेली पाहून ऊर्मिलेला स्वतःचा राग आला. ती त्यांच्या शेजारी खडकावर बसली आणि जे मनात होतं ते बोलून मोकळी झाली.

"मनगटांचं खोटं होतं. आपण तुमच्यासाठी आलोय. तुम्ही मला रोज न्हाऊ घातलंत, माझी आई गेल्यावर मला कुणी असा हात लावला नव्हता. तुम्ही आता जाल आणि मी काहीच केलेलं नसेल."

कुंदाबाई आधी रागावल्या. माझ्यासाठी एवढी यातायात कुणी सांगितली होती, म्हणाल्या. मग घरच्या माणसाचं असं मनात धरून बसायचं नसतं, म्हणाल्या. पण जागच्या उठल्या नाहीत. पिशवीचे बंद उगाच सोडून पुन्हा बांधले.

"ठीक आहे," ऊर्मिला म्हणाली. "मीही बसते. दोघी मिळून सामान राखू."

आणि ती खरोखरच बसली, मांडी घालून. पाण्यात तरंगणारे गावातले दोन म्हातारे ह्या दोघींकडे नवलाने बघू लागले. ओहोटी सरत आली होती. लाटा एकेक खडक वर चढत होत्या, आणि थोड्याच वेळात पाणी गार पडणार हे दोघींनाही दिसत होतं. कुंदाबाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"एवढ्या लांब येऊन कोरडी जाणार तू?"

"तुम्ही जाताय की."

कुंदाबाईंच्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला. त्यांनी पिशवी उचलून वरच्या खडकावर ठेवली, साडीचा काचा मारला आणि लोखंडी शिडीकडे निघाल्या. पहिल्या पायरीवर थांबून पिशवीकडे एकदा मागे पाहिलं. मग ऊर्मिलेचा हात धरला, आणि कमरेएवढ्या ऊन पाण्यात उतरल्या.

"आहाहा," असं त्या अगदी हळू म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटले होते. ऊर्मिलेला वाटलं, संगमेश्वरची ती पोरगी अशीच दिसत असणार.

घळीच्या टोकावरून मयुरेशचा आवाज आला, "आई, सामानापाशी कोण आहे?"

"कुणी नाही," कुंदाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

ऊर्मिला त्यांच्या मागे गेली. "आई, पाठ करा इकडे," ती म्हणाली.

कुंदाबाई क्षणभर घुटमळल्या, मग वळल्या. ऊर्मिलेने ओंजळीने ऊन पाणी त्यांच्या खांद्यांवर ओतलं आणि तळव्याने पाठ चोळायला लागली.

"जरा मधे चोळ," कुंदाबाई म्हणाल्या. "तिथे माझा हात कधी पोचलाच नाही गं."